उघड्या मोटरबोटीवर कमी खर्चाचा टप: एका बोटीचा प्रकरण अभ्यास

बोट साधीच. फायबरग्लासची, ४.२ मीटर लांब, काठापाशी १.६ मीटर रुंद. बसायला तीन आडव्या फळ्या, मागे १५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावलेले, इंजिन. चालू करायचे दोरी ओढून, वळवायचे दांड्याने. पाणी आडोशाचे, फेऱ्या तास-दोन तासांच्या, माणसे बहुतेक वेळा दोन. टपाकडून अपेक्षा तीन होत्या: वरून पाऊस लागू नये, समोरून उडणारे तुषार तोंडावर येऊ नयेत, आणि नको असेल तेव्हा टप मिटून बाजूला व्हावा. वेल्डिंग नाही, तयार सांगाडा नाही, शिवण घरच्या मशीनवर.

पहिला टप कशाने गेला

याच बोटीवर आधी एक टप बसवून झाला होता. २० मिमीच्या पीव्हीसी नळ्या, कोपऱ्यांना एल्बो, वर साधी निळी ताडपत्री आणि रिंगांतून ओवलेली नायलॉनची दोरी. उंची काठापासून १३० सेंमी, कारण वाकून का होईना, उभे राहता यावे असे वाटले. हंगाम संपेपर्यंतही तो टिकला नाही.

आधी नळ्या वाकल्या. त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या नळीपेक्षा पीव्हीसीची नळी वीसपटीहून जास्त लवते, आणि उन्हात तापली की आणखी मऊ पडते. सकाळी ताणून बांधलेली दोरी दुपारपर्यंत सैल, कारण दोरीच्या ओढीने नळीच हळूहळू आत झुकत जाते. सैल कापडात पाणी साचते. एक मीटर व्यासाचा आणि मध्यभागी फक्त १० सेंमी खोल असा झोळ पडला, तरी त्यात निदान २६ लिटर पाणी मावते. म्हणजे डोक्यावर २६ किलो, आणि बोट कलली की तेही त्याच बाजूला धावणार. मग वाऱ्यातली फडफड. विणलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत रिंगेचा सगळा ताण दोन-चार पट्ट्यांवर येतो, म्हणून ती नेहमी रिंगेपासूनच फाटायला लागते.

चौथी चूक सगळ्यात लाजिरवाणी. मागची आडवी नळी इंजिनाच्या इतकी जवळ होती की स्टार्टरची दोरी ओढताना कोपर तिच्यावर आपटे. शिवाय उथळ पाण्यात इंजिन वर उचलले की त्याचे डोके आत, बोटीकडे येते, हे मोजताना कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

ताडपत्री हलकी म्हणून टप गेला, असे म्हणून महाग कापड आणले असते तर हेच सगळे जास्त खर्चात पुन्हा झाले असते. चुकली होती ती उंची, ताण आणि जागा.

उंची बसलेल्या माणसाची

छोट्या उघड्या बोटीवर उभे राहण्याच्या उंचीचा टप बसवू नये. हौस म्हणूनही नाही. फळीवर ताठ बसलेल्या मोठ्या माणसाचा माथा फळीपासून साधारण ९० सेंमीवर येतो. या बोटीत फळी काठाच्या २५ सेंमी खाली आहे, म्हणजे माथा काठापासून ६५ सेंमी वर. लाटेवर आपटून माणूस उडतो त्याला १५ सेंमी धरले. झाले ८० सेंमी. पुढच्या आणि मागच्या कडेला एवढी उंची ठेवली आणि मध्ये ९२, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरून जाईल.

कमी उंचीचा फायदा वाऱ्यात कळतो. बाजूचे पडदे सोडले की या टपाची एका बाजूची पृष्ठे मिळून सुमारे १.३ चौरस मीटर होतात. २० नॉट (ताशी सुमारे ३७ किमी) वारा आडवा आला तर त्यावर जवळपास १० किलोचा जोर पडतो. ३० नॉटला तोच २३ किलोच्या आसपास, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तो पाण्यापासून साधारण एक मीटर उंचीवर लागतो असे धरा. म्हणजे ३० नॉट वाऱ्यात बोट जेवढी कलेल, तेवढी ती ७५ किलोचा माणूस मधल्या रेषेपासून ३० सेंमी बाजूला सरकला तरी कलते. हे झेपते. तेच पडदे पहिल्या टपाच्या १३० सेंमी उंचीवर असते तर क्षेत्रफळ वाढले असते आणि जोर लागण्याची जागाही वर गेली असती, दोन्ही एकदम.

तीन कमानी

रचना बाळगाडीच्या टपासारखी. दोन्ही काठांवर समोरासमोर तीन-तीन बिजागऱ्या, प्रत्येकीत ६ सेंमी अंतर. मधली कमान उभी, पुढची पुढे कललेली, मागची मागे. वरचे टोक मधल्या कमानीपासून पुढे ८० आणि मागे ८० सेंमी. पट्टे सोडले की तिन्ही कमानी एकावर एक मागे झोपतात.

मधली बिजागरी नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, २७० सेंमीवर आली. मागून पुढे मोजत गेले की हा आकडा निघतो: इंजिन उचलायला आणि दोरी ओढायला मागची ७० सेंमी मोकळी सोडायची, तिथून पुढे मागची कमान, तिच्याही पुढे ८० सेंमीवर मधली. हा हिशेब उलट्या दिशेने, म्हणजे नाळेकडून केला की दरवेळी इंजिन आडवे येते. मोजताना इंजिन पूर्ण वर उचलून, दोन्ही बाजूंना वळवून, आणि दोरी शेवटपर्यंत ओढून पाहावी.

नळी ॲल्युमिनियमची, बाहेरून २५ मिमी, जाडी २ मिमी. कोपऱ्याची त्रिज्या २० सेंमी धरली की माथ्याचा सरळ भाग १२० सेंमी उरतो. मधल्या कमानीला नळी लागते ३२७ सेंमी. पुढच्या-मागच्या कलत्या असल्यामुळे त्यांचे पाय लांब, प्रत्येकी ३६१ सेंमी. सहा मीटरच्या दोन नळ्यांत सगळे बसते: प्रत्येकीतून एक ३६१ चा तुकडा, आणि उरलेल्या दोन तुकड्यांतून १६३.५ चे दोन अर्धे काढून मधली कमान. हा सांधा माथ्याच्या बरोबर मध्यावर येतो. आत २० सेंमी लांबीची, घट्ट बसणारी सांधनळी घालून दोन्ही बाजूंना दोन-दोन रिव्हेट मारले. सांधा वळणात येऊ देऊ नये. तिथे तो वाकवताना आणि पुढे वापरातही त्रास देतो. तिन्ही कमानींचे वजन ४ किलोच्या जरा वर.

वाकवण्यासाठी १८ मिमी प्लायवूडचे दोन थर जोडून साचा केला. त्याची त्रिज्या २० ऐवजी १८.५ सेंमी, कारण हात सोडला की ॲल्युमिनियम थोडे परत उघडते. किती उघडेल ते नळीनळीवर अवलंबून, म्हणून आधी तुकड्यावर करून पाहावे. नळीत कोरडी बारीक वाळू ठोकून ठोकून भरली आणि दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारल्या. वाळू जराशी ओलसर किंवा सैल असली की नळी आतल्या बाजूला चेपते, आणि एकदा पडलेली चेप निघत नाही. फार कडक प्रतीची नळी वळणाच्या बाहेरच्या अंगाला तडकते. माथ्याला ४-५ सेंमी बाक दिला की पाणी बाजूंनीही उतरते. पहिल्या कमानीची रूपरेषा खडूने फरशीवर काढून बाकीच्या तिच्यावर ठेवून तपासल्या. दोन कमानींत बोटभर फरक राहिला, तर कापडावर तिरकी सुरकुती येते आणि मग दोष शिवणाऱ्याला दिला जातो.

काठाला भोक पाडण्याआधी

भोक पाडण्याआधी सांगाडा दोऱ्यांनी आणि चिमट्यांनी काठावर उभा करून अर्धा दिवस तसाच ठेवला. दोन्ही माणसे बसली, उठली, नांगर टाकला, मासा ओढल्यासारखे केले. या खटाटोपात बिजागरी ठरल्या जागेपासून ४ सेंमी पुढे सरकली. कागदावर ती कधीच सरकली नसती.

काठाचे फायबरग्लास पातळ असते. त्यात आपला आटा आपण पाडणारे स्क्रू आज घट्ट बसतात आणि धक्क्यांनी महिन्याभरात ढिले होतात. इथे आरपार ६ मिमीचे स्टेनलेस बोल्ट वापरले. खालून ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी तिन्ही बिजागऱ्यांखाली सलग, आणि न सैलावणारे नायलॉनच्या कड्याचे नट. भोक ६.५ मिमीचे. आधी चिकटपट्टी लावून ड्रिल काही क्षण उलटे फिरवले, मग सुलटे. नाहीतर जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराला, कोळिष्टकासारख्या चिरा जातात. भोकाची वरची कड हलकी खरवडून तिथे पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा चिकट लेप, भरले. बोल्ट एकदम आवळू नये. सीलंट जरासे जमू द्यावे, मग शेवटचा पीळ.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून खारे पाणी लागले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झिजत जाते. म्हणून नळीच्या टोकाला नायलॉनच्या टोप्या, आणि जिथे धातू धातूला लागतो तिथे नायलॉनचे वॉशर.

सांगाडा उभा राहतो तो पट्ट्यांवर. पुढे दोन, मागे दोन, २५ मिमी रुंद पॉलिस्टरचे. नायलॉनचा पट्टा भिजला की लांबतो आणि पॉलिप्रॉपिलीनचा उन्हाने पिचतो, म्हणून दोन्ही टाळले. बकल पाठीवरच्या पिशवीला असते तसे, चिमटून सुटणारे. इथे गाठ नको. गार पडलेल्या बोटांनी ओली गाठ सुटत नाही.

बेतणे आणि शिवणे

कापड पॉलियुरेथेनचा लेप असलेले ६०० डेनियरचे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) पॉलिस्टर, चौरस मीटरला ३००-३५० ग्रॅम. दीड मीटर पन्ह्याचे साडेसहा मीटर लागले. जाड पीव्हीसी कापड जास्त टिकते, पण घरच्या मशीनला त्याच्या चार घड्या ओढवत नाहीत आणि मिटलेला टप अवजड होतो.

माप कागदावर काढले नाही. सांगाडा पट्ट्यांनी ताणून उभा केला, त्याच्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद दुहेरी चिकटपट्टीने ताणून बसवला आणि कमानींच्या रेषा थेट त्यावर मारल्या. छताची लांबी कमानींवरून १६२ सेंमी भरली; कापड तयार झाल्यावर १६० राहील असे बेतले. हे दोन सेंमी पट्टे ओढतात तेव्हा वसूल होतात. मागची मोकळी कड सरळ न कापता आत ३-४ सेंमी कमानदार कापली. सरळ कापलेली कड कितीही ताणा, वाऱ्यात ती मध्ये फडफडतेच. आत वळवलेल्या कडेवर ताण आपोआप येतो.

कमानींसाठीचे खिसे फक्त माथ्याच्या सरळ भागाला. २५ मिमी नळीचा घेर जवळपास ७९ मिमी असतो. खिशाची पट्टी १०० मिमी धरली म्हणजे नळी सरकते. कोपऱ्याच्या वळणावर सरळ खिसा चढवला की तिथे चुण्या पडतात आणि चुणीत पाणी अडते.

धागा बाँडेड पॉलिस्टरचा, उन्हाला टिकणारा. साध्या सुती धाग्याने शिवलेला टप कापड धडधाकट असतानाच उसवतो. सुई ११० नंबरची, टाका ४ मिमीचा. मजबुतीसाठी बारीक टाके घालण्याची सवय इथे उलटते: लेपाच्या कापडावर जवळजवळ भोके पडली की कागदाच्या तिकिटासारखे ते त्याच रेषेत फाटते. टाचण्याही लावू नयेत, त्यांची भोके तशीच राहतात. कापड जागेवर धरायला ६ मिमीची दुहेरी चिकटपट्टी किंवा चिमटे. चिकटपट्टीचा डिंक सुईला लागून टाके चुकायला लागले की सुईला सिलिकॉनचा हात फिरवावा. शिवण दुहेरी, घडी घातलेली, आणि घडीचे तोंड उताराच्या दिशेला. ते उलटे झाले तर प्रत्येक शिवण पाणी धरणारी पन्हळ होते. आतून शिवणीवर सीलंटचा हात.

समोरचा पडदा

समोरचा पडदा पुढच्या कमानीपासून खाली नाळेकडे ७० सेंमी पुढे उतरतो, त्यामुळे तो तिरका. खिडकी कापताना इथेच चूक होते. दांड्याजवळ बसलेल्या माणसाचा डोळा काठापासून साधारण ५३ सेंमी उंचीवर असतो, म्हणून खिडकी ३५ ते ७० सेंमीच्या पट्ट्यात हवी. ही उभी उंची ३५ सेंमी झाली, पण तिरक्या कापडावर तीच ४६-४७ सेंमी भरते. सरळ ३५ कापली असती तर वेग घेताना नाळ वर उचलली जाताच समोरचे पाणी दिसेनासे झाले असते. रुंदी ९० सेंमी.

पारदर्शक पीव्हीसी ०.५ मिमीचे. आधी ते अखंड कापडावर शिवायचे, मग आतल्या बाजूचे कापड टाक्यापासून दीड सेंमी सोडून कापायचे. आधी भोक पाडून शिवायला गेले की कापड ओढले जाते आणि खिडकी लाटेसारखी दिसते. पीव्हीसी मशीनच्या पायाला चिकटते. वर पातळ कागद ठेवून शिवावे आणि कागद फाडून टाकावा. धुताना भरपूर पाणी आणि सौम्य साबण, त्याआधी मीठ पुसायला जाऊ नये, ओरखडे पडतात. पेट्रोल, स्पिरिट, अमोनियाचा काचक्लीनर लावला की ते धुरकट होते.

रात्री आणि जोराच्या पावसात या खिडकीतून नीट दिसत नाही, हे मान्य करावे. पडदा म्हणूनच दोन्ही बाजूंच्या चेननी सुटतो आणि वर गुंडाळला जातो. चेन जाड प्लॅस्टिक दात्यांची. धातूची खाऱ्या हवेत काही आठवड्यांत अडकते.

मागच्या खांबावरचा पांढरा दिवाही इथेच आठवावा. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असा सर्वदिशा दिवा चहूबाजूंनी दिसला पाहिजे. या बोटीत तो काठापासून ६० सेंमीवर होता, म्हणजे ९२ सेंमीच्या टपामागे समोरून झाकला जाणार. खांब बदलून दिवा ११५ सेंमीवर नेला.

धूर आणि सुटका

चालत्या बोटीच्या मागे हवा घुटमळते आणि पुढे, बोटीच्या आत ओढली जाते. समोर बंद आणि मागे उघडा असा टप ही ओढ वाढवतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे बोट लागल्यासारखीच असल्याने माणूस भलतेच समजतो. म्हणून समोरच्या पडद्यात दोन्ही बाजूंना, छताच्या लगत, २० बाय ८ सेंमीची झडप ठेवली. ती जाळीची, बाहेरून कापडी पापणी असलेली, आणि मुद्दाम बंद न होणारी. मागे पडदा शिवलाच नाही. मागितला होता, पण तो नाकारला तो काटकसरीसाठी नव्हे, धुरासाठी. इंजिन जागच्या जागी चालू ठेवून टपाखाली बसायचे नाही, आणि पेट्रोलची टाकी पडद्याआडून मागच्या मोकळ्या भागात हलवायची. तिची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसून राहते.

बाजूचे पडदे खाली फक्त वेल्क्रोने धरलेले. बोट उलटली तर आतल्या माणसाने खांद्याने ढकलताच ते सुटले पाहिजेत; म्हणून बटणे नाहीत, हूक नाहीत. आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट बंद टपात माणसाला आतच वर दाबून अडकवू शकते, त्यामुळे पडदे सोडलेले असताना फोमचेच जॅकेट घालायचे ठरले.

पाण्यावर

आधी किनाऱ्यावर पाइपने दहा मिनिटे पाणी मारले. छतावर साचले नाही, पण पुढच्या कमानीच्या खिशातून थेंब टपकू लागले. खिशाची शिवण छतातून आरपार गेली होती आणि तिथे सीलंट लावायचे राहिले होते. पाण्यावर पहिल्याच फेरीत मागचे पट्टे सैल झाले. कापड, शिवण, पट्टे सगळे जागेवर बसते तेव्हा असे होतेच. दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा ओढले आणि बोल्टही पुन्हा आवळले.

समोरचा पडदा लावून वाऱ्यात जाताना इंजिनाला ताण जाणवतो. बोट १५ नॉटने आणि समोरून १५ नॉटचा वारा म्हणजे टपावर ३० नॉट. साधारण १९ किलोचा विरोध. धक्क्याला लावताना मात्र त्रास वेगळाच. हळू चालताना आडव्या वाऱ्याने बोट सरकते, म्हणून धक्का १०-१५ मीटरवर आला की बाजूचे पडदे गुंडाळायचे. पूर्ण टप मिटायला एका माणसाला सुरुवातीला चार मिनिटे लागत. पट्ट्यांची बकले दोन्ही काठांवर हाताच्या अंतरात आणल्यावर ते पाऊण मिनिटावर आले, आणि वारा वाढतो तेव्हा हाच आकडा कामाचा ठरतो.

हंगामाअखेर खराबी सापडली ती दोन ठिकाणी. मिटलेल्या टपात खिडकीचे पीव्हीसी उन्हाने तापलेल्या नळीला टेकून तिथे तपकिरी पट्टा उमटला. आता मिटताना मध्ये फडके ठेवतात आणि खिडकी घडी न घालता गुंडाळतात. दुसरे, मागच्या कमानीच्या दोन्ही कोपऱ्यांवर कापड घासून लेप गेला. तिथे त्याच कापडाची १२ बाय १५ सेंमीची ठिगळे आतून बसवली, गोल कोपऱ्यांची, कारण चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून सुटते.

ट्रेलरवर नेताना टप उभा ठेवायचा नाही, आणि मिटून तसाच ठेवला तरी पुरत नाही. ताशी ८० किमी वेगाला उभ्या टपावर ४० किलोच्या आसपास जोर येतो, आणि मिटलेले कापड सुटले की तासाभरात चिंधी होते. कापड खिशांतून ओढून काढायचे, गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे, आणि गुंडाळी बोटीच्या तळाशी न ठेवता घरात. ओले गुंडाळलेले कापड आठवड्यात काळ्या ठिपक्यांनी भरते. कापड पॉलिस्टरचे असल्याने कुजत नाही, पण ते डाग जात नाहीत.